दुखायला किती वाजता लागलं?

आमच्या तालुक्यात सध्या एकच विषय चालू आहे, कॅथलॅब. म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची ती मोठी मशीन आपल्या सरकारी दवाखान्यात बसली पाहिजे. निवेदनं देऊन झाली, निवेदन देतानाचे फोटो काढून झाले, सगळ्या पक्षांच्या पोरांच्या स्टेटसला तेच, आणि परवा टपरीवर एकाने मला तोंडावर विचारलं की भो तू तर दवाखान्यासमोरच बसतो, तू का नाही केली सही? तेव्हा मी हसून टाळलं कारण हातात चहाचा कप धरून हे नीट सांगता येत नाही. इथे सांगतो.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केलेला माणूस, दवाखान्याच्या गेटसमोर छोटी लॅब आहे, एकोणीस वर्षं झाली. (डीएमएलटीवाल्याने लॅब चालवावी का नाही हा आमच्या धंद्यातला जुना वाद आहे, माझ्या रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही असते, तो वाद इथे कृपया नको.) डॉक्टर नाही मी. पण पेशंट, त्याचं रक्त आणि त्याचे नातेवाईक हे तिन्ही रोज बघतो, आणि समोरच्या दवाखान्यात टेस्ट चांगल्या व्हायला लागल्या तर पहिला धंदा माझाच बसणार आहे, म्हणून निदान स्वतःच्या फायद्यासाठी बोलतोय असं तरी कोणी म्हणू नये.

कॅथलॅब वाईट असं माझं म्हणणं नाहीच. माझं म्हणणं एवढंच की आत्ता, आहे त्या परिस्थितीत, तालुक्याला कॅथलॅब मागणं म्हणजे विहीर न खोदताच वावरात ठिबकच्या नळ्या पसरून बसणं. आपल्याकडे माणूस मशीन नाही म्हणून नंतर मरतो, त्याआधी रात्री तीन वाजता त्याचा साधा ईसीजी निघत नाही म्हणून मरतो.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. माझे नानामामा, तेव्हा वय ५८, केळीचे शेतकरी, सकाळी पाचला उठून वावरात जाणारा माणूस, तंबाखू सोडून दुसरं व्यसन नाही. घरी नातवाचं जावळ होतं, वरणबट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, आता आपल्याकडे या जेवणानंतर कोणाच्या छातीत जळजळलं तर कोण काळजी करतं? रात्री दीडला उठले, छातीच्या मधोमध आणि वर जबड्यापर्यंत दुखत होतं, घाम फुटला होता. मामी म्हणाली दवाखान्यात चला, तर यांचं "काही नही वं, बट्टी जड व्हयनी." इनो झालं, सोडा झाला, ओवा झाला, पाठ चोळून झाली. तीन वाजता बाजूच्याची बोलेरो काढली आणि सव्वातीनला दवाखान्यात.

तिथे एक नवा डॉक्टर, एमबीबीएस झाल्यावरची सरकारी बॉन्डची नोकरी करणारा पोरगा, आणि एक सिस्टर, ती डिलिव्हरीत अडकलेली. ईसीजी मशीन दवाखान्यात होती, हे महत्त्वाचं आहे, मशीन होती. ती ओपीडीच्या खोलीत होती, खोलीला कुलूप होतं, चावी टेक्निशियनकडे आणि टेक्निशियन त्याच्या गावी. चावी शोधली, सापडली, तर मशीनमध्ये पेपर रोल नाही. त्या पोराने ॲस्पिरिन चावायला दिली, रक्त पातळ करायच्या दुसऱ्या गोळ्या दिल्या, तेवढं त्याने बरोबर केलं आणि त्यासाठी मी त्याला कायम दुवा देईन. मग म्हणाला समोरच्या लॅबवाल्याला उठवा आणि ट्रोपोनिन, म्हणजे हार्टची रक्ताची टेस्ट, करून घ्या.

समोरचा लॅबवाला म्हणजे मी. शटर उघडलं, मामांचं रक्त घेतलं, कार्डवर थेंब टाकले आणि पंधरा मिनिटं त्या कार्डाकडे बघत बसलो. एकच रेघ आली. निगेटिव्ह. मला काय आनंद झाला सांगू, मामीला म्हटलं हार्टचं नाही, गॅसच आहे, आणि आम्ही सगळे मोकळे झालो, कोणीतरी चहा सांगितला, जिल्ह्याला जायचं का नाही यावर भावकीत अर्धा-पाऊण तास चर्चा झाली, मामा बाकड्यावर घामाघूम. पावणेपाचला निघालो. सहाला जिल्ह्याला पोचलो. तिथे पाच मिनिटांत ईसीजी निघाला आणि तो काढणाऱ्या ब्रदरचा चेहराच बदलला. साडेसहाला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन चालू झालं. दीड ते साडेसहा, पाच तास.

मामा वाचले. पण टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३५ टक्के आलं, म्हणजे हृदय बरंच कमजोर झालेलं. आज ते वावराच्या बांधापर्यंत जातात, बसतात, आणि मजुरांना तिथूनच ओरडतात.

आता माझी टेस्ट चुकीची होती का? नाही. कार्ड बरोबर होतं, तारीख संपलेलं नव्हतं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रोटीन, स्नायू मरायला लागला की ते रक्तात उतरतं, पण ते लगेच नाही उतरत, आमच्या साध्या कार्डावर दिसण्याइतकं व्हायला तीन-चार तास जातात, कधी सहाही. मामांना दुखायला लागून तेव्हा जेमतेम सव्वादोन तास झाले होते. म्हणजे तेव्हा निगेटिव्ह येण्याला काडीचा अर्थ नव्हता, काही तासांनी परत करायची असते ती टेस्ट, हे मला माहीत होतं, कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण मी मामांना विचारलंच नाही की दुखायला किती वाजता लागलं. माझ्या फॉर्मवर तो रकानाच नव्हता. नाव, वय, पत्ता, कोणी पाठवलं, पैसे दिले का बाकी, सगळे रकाने होते.

मला या सगळ्यावरून जे म्हणायचंय ते असं, की हार्टच्या बाबतीत टेस्ट ही वस्तू नसते, टेस्ट म्हणजे वेळ अधिक माणूस अधिक पुढची कृती. यातलं एक काढलं की उरतो नुसता कागद. आणि कधीकधी तो कागद नसलेलाच बरा, कारण माझ्या त्या निगेटिव्ह कागदाने मामांचा पाऊण तास खाल्ला.

आणि हे एकट्या मामांचं नाही. भारतात हार्ट अटॅकच्या पेशंटची एक मोठी नोंद झाली होती, क्रिएट नावाची, २००८ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आली, वीस हजारांवर पेशंट. त्यात दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंतचा मधला आकडा निघाला ३६० मिनिटं. सहा तास! म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून जास्त लागले. आमचे मामा सव्वातीनला पहिल्या दवाखान्याच्या दारात होते, म्हणजे देशाच्या हिशोबाने लवकर पोचलेले. त्याच नोंदीत अजून एक गोष्ट होती ती मला जास्त टोचली, गरीब पेशंटमध्ये महिनाभरात मरणाऱ्यांचं प्रमाण ८.२ टक्के आणि श्रीमंतांमध्ये ५.५, आणि गरिबांना योग्य उपचार कमी मिळतात हा फरक हिशोबात धरला की ही दरी बरीचशी भरून निघते. म्हणजे गरिबाचं हृदय काही वेगळं नसतं.

आता इंजेक्शनबद्दल, कारण कॅथलॅबच्या गर्दीत ते कोणी बोलतच नाही. मोठा अटॅक म्हणजे हृदयाच्या नळीत गुठळी अडकून ती पूर्ण बंद होणं. ती उघडायचे दोन रस्ते आहेत, एक तर कॅथलॅबमध्ये नेऊन तार-फुगा-स्टेंट, किंवा गुठळी विरघळवायचं इंजेक्शन. स्ट्रेप्टोकायनेज, १५ लाख युनिट, सलाईनमधून अर्धा ते एक तास. किंवा टेनेक्टेप्लेज, ते महाग आहे पण वजनाप्रमाणे एकदाच शिरेत ढकललं की झालं. जगभरचा नियम असा की पेशंट दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी, आणि तो बघून जर असं वाटलं की १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नाही, तर इथेच इंजेक्शन द्या, अर्ध्या तासाच्या आत, आणि मग पाठवा. इंजेक्शन दिल्यावर ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी करून घ्यायची. गाडी लगेचच काढायची, पण अँजिओग्राफीला इतका वेळ मिळतो. नुसतं रेफर लिहून पाठवलेल्याला तो वेळ मिळत नाही, त्याची नळी गाडीत बंदच असते.

आपला नकाशा बघा आता. खान्देशाच्या तिन्ही जिल्ह्यांत आज सरकारी मेडिकल कॉलेज आहे, धुळ्याचं जुनं, जळगावचं २०१८ पासून, नंदुरबारचं २०२० पासून. बैलगाडीच्या चाकाला मधे तुंबा असतो आणि भोवती आरे, तर कॉलेजचा तुंबा आपल्याकडे कसातरी का होईना उभा राहतोय, तालुक्याच्या दवाखान्यांचे आरेच मोडके आहेत. चाळीसगाव, रावेर, शिरपूर, साक्री, नवापूर, शहादा, इथून निघालेला माणूस फाटक, ऊसाच्या गाड्या, रस्त्याचं काम हे सगळं पार करून पोचेपर्यंत काय करायचं, त्याचा विचार आऱ्यावर व्हायला पाहिजे. आणि सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीचं तर बोलायलाच नको. तिकडे पाड्यावरून माणूस बांबूला झोळी बांधून खाली आणतात, नर्मदेच्या काठच्या गावांना बोटीतून दवाखाना जातो. तिथल्या माणसाला १२० मिनिटांत कॅथलॅब हे स्वप्न पुढची पन्नास वर्षं दाखवलं तरी डांबर आणि घाट तेच राहणार. त्याच्यासाठी धडगावच्या किंवा मोलगीच्या दवाखान्यातलं इंजेक्शन हाच वेळेत मिळू शकणारा उपचार आहे.

यावर मला लगेच ऐकवतात, म्हणजे शहरवाल्यांना स्टेंट आणि आम्हाला इंजेक्शन का, आम्ही दुय्यम का. हा राग मला समजतो, खरंच समजतो, कारण दर वेळी खान्देशाला उरलंसुरलंच मिळालंय. पण तालुक्याला कॅथलॅब आली तर काय होईल ते पण बघा. मशीन काही कोटींची, ती येईल, फीत कापली जाईल. अटॅक रात्री-बेरात्री येतो म्हणून ती चोवीस तास चालली पाहिजे, त्यासाठी कार्डिओलॉजिस्ट, कॅथलॅबचा टेक्निशियन, ट्रेन झालेल्या सिस्टर, आणि हे सगळं तीन पाळ्यांत, सुट्ट्या धरून. एक कार्डिओलॉजिस्ट ३६५ रात्री जागू शकत नाही. आणि तालुक्यात केस कमी, हात चालता राहत नाही, मग तो कंटाळून शहरात जातो, मग मशीनवर कव्हर, कव्हरवर धूळ. आमच्याकडे एक फिजिशियनची जागा भरायची मारामार आणि आपण मागून राहिलो कार्डिओलॉजिस्टची टीम.

उलट आऱ्यावर काम केल्याने काय होतं ते तामिळनाडूत मोजून बघितलंय. छोटे दवाखाने मोठ्या कॅथलॅबच्या दवाखान्यांना जोडले, ईसीजी तिथून पाठवायचा, इंजेक्शन तिथेच द्यायचं, मग अँजिओग्राफीला न्यायचं. चार क्लस्टर, २४२० पेशंट, २०१७ मध्ये निकाल छापून आला. अँजिओग्राफी होणाऱ्यांचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून जवळपास ६१ वर गेलं, आणि वर्षभरात मरणाऱ्यांचं १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आलं. म्हणजे इंजेक्शनने सुरुवात केली म्हणून स्टेंट हुकला नाही, उलट जास्त लोक कॅथलॅबपर्यंत जिवंत पोचले. महाराष्ट्रातही स्टेमी (मोठ्या अटॅकचं डॉक्टरी इंग्रजी लघुरूप) नावाने काही जिल्ह्यांत असंच ईसीजी दूर पाठवून वाचून घ्यायचं काम सुरू झालेलं आहे. आपली निवेदनं त्यासाठी का नाहीत?

पैशाचं म्हणाल तर तो अडथळा पूर्वीइतका राहिला नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत आली त्यात धुळे होतं, आता तीच महात्मा फुले योजना आहे, अँजिओप्लास्टी त्यात बसते. स्टेंटचे भाव २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने बांधले, औषधवाला स्टेंट तेव्हा २९,६०० वर आणला, त्याआधी लाख-सव्वालाख लावायचे. आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यातले उपचार तर २०२३ च्या १५ ऑगस्टपासून फुकट केलेत. पण या सगळ्या योजना माणूस पोचल्यावर सुरू होतात. पोचेपर्यंतच्या दोन-चार तासांची योजना कोणती?

आता डॉक्टरची बाजू, कारण ती कोणी मांडत नाही आणि शिव्या मात्र त्यांनाच. त्या रात्रीच्या पोराला मी नंतर विचारलं, समजा ईसीजी निघाला असता तर तू दिलं असतं का इंजेक्शन? तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला खरं सांगू का, नाही. का तर इंजेक्शनने गुठळी विरघळते तसं दुसरीकडे रक्तही सुटू शकतं, शंभरात एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होतो, स्ट्रेप्टोकायनेज चालू असताना बीपी पडतं, आणि बाहेर चाळीस नातेवाईक उभे. पेशंट गाडीत गेला तर ते नशीब, आणि इंजेक्शन चालू असताना गेला तर डॉक्टरने मारला. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी २०१० पासून कायदा आहे आपल्याकडे, पण रात्री तीन वाजता कायदा दवाखान्यात ड्युटीला नसतो. म्हणून रेफर. रेफर म्हणजे त्या पोराचा विमा आहे, आणि हप्ता पेशंट भरतो.

यात आपला पण वाटा आहे हे मान्य करा. मामा त्या रात्री गेले असते तर मी स्वतः काय केलं असतं याची मला खात्री नाही.

हा भीतीचा प्रश्न मशीनने सुटत नाही. पण एक गोष्टीने बराच सुटू शकतो, फोनच्या दुसऱ्या टोकाला जबाबदार माणूस. ईसीजीचा फोटो गेला, जिल्ह्याच्या दवाखान्यात ड्युटीवर ठरलेला फिजिशियन, आज कोण ते नावानिशी भिंतीवर लिहिलेलं, त्याने बघितला आणि सांगितलं की हो अटॅक आहे, ही यादी विचार, पूर्वी कधी लकवा झालाय का, इतक्यात ऑपरेशन झालंय का, कुठून रक्त जातंय का, बीपी किती, नाही तर दे, मी सांगतोय म्हणून लिही. निर्णय दोघांचा झाला की हात थरथरत नाही. आणि नंतर त्या पेशंटचं काय झालं हे उलट कळवलं पाहिजे. आमच्या दवाखान्यातून वर्षभरात एवढे लोक रेफर होतात, त्यांचं पुढे काय झालं ते पाठवणाऱ्या डॉक्टरला कधीच कळत नाही, तो शिकणार कसा? मला तरी पेशंट दुकानासमोरून जाताना दिसतो.

बाकी जे लागतं ते इतकं साधं आहे की निवेदनात लिहायला लाज वाटावी. बारा लीडची ईसीजी मशीन एका बऱ्या मोबाइलच्या किमतीत येते. ती कॅज्युअल्टीत पाहिजे, कुलपाबाहेर. रोल, जेल, क्लिपा यांचा साठा रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून होऊ शकतो, त्यासाठी मुंबईला विचारावं लागत नाही. ईसीजी काढणं प्रत्येक सिस्टरला आलं पाहिजे, ते काही अवघड नाही, डिलिव्हरी करणाऱ्या बाईला सहा पट्ट्या छातीवर चिकटवता येणार नाहीत असं म्हणणं हाच अपमान आहे. इंजेक्शन स्टोअरच्या कपाटात नाही तर इमर्जन्सी ट्रॉलीजवळ. आणि १०८, ती २०१४ पासून आहे, महाराष्ट्रात सुरुवातीला ९३७ गाड्या, पण त्यातल्या पूर्ण सोयीच्या फक्त २३३ होत्या. त्यामुळे कोणती गाडी मिळतेय, शॉक देणारं मशीन चालू आहे का, हे विचारायची सवय नातेवाईकांनी पण लावून घ्यायला हवी. आम्ही तर मामांना बोलेरोतच नेलं, रस्त्यात काही झालं असतं तर गाडीत एसी सोडून काही नव्हतं.

एक गोष्ट बायकांबद्दल, हे मला आमच्या लॅबमधल्या मुलीने दाखवून दिलं, माझ्या एकोणीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाईचा ईसीजी काढायला ब्लाउज काढावा लागतो. खोलीला पडदा नाही, काढणारा पुरुष, दारात दीर उभा. मग एक तर ईसीजी होतच नाही, किंवा संकोचाने पट्ट्या भलत्याच जागी लागतात आणि रिपोर्ट भलताच येतो. त्यात बायकांचा आणि शुगरवाल्यांचा अटॅक पुष्कळदा छातीत दुखून येतच नाही, दम लागतो, मळमळतं, नुसता घाम. आपल्याकडे त्याला अशक्तपणा म्हणून सलाईन लावतात. दोनशे रुपयांचा पडदा. कॅथलॅबच्या निवेदनात पडदा कोण लिहिणार.

आणि शिबिरं! दर वाढदिवसाला महाआरोग्य शिबिर, मंडप, मोफत टूडी इको, भाऊंचा फोटो. लोक रांगेत उन्हात उभे राहून इको करून घेतात आणि "हार्ट ओके आहे" म्हणून घरी जाऊन तंबाखूची पुडी फोडतात. इकोत हृदय पंप कसं करतंय आणि व्हॉल्व्ह कसे आहेत ते दिसतं, नळीत ब्लॉकेज आहे का ते इकोत दिसत नाही. विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल आला म्हणजेही नळ्या स्वच्छ असं नाही. इकोचा खरा उपयोग आपल्याकडे दुसरीकडे आहे, लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून पुढे व्हॉल्व्ह खराब झालेली पोरं, आणि तशा व्हॉल्व्हवर गरोदर राहिलेल्या बायका. त्यांना शिबिरात कोणी बोलवत नाही, त्यांना महिन्यातून ठरलेल्या एका वारी दवाखान्यात इको आणि तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं पाहिजे असतं. मंडप संध्याकाळी निघतो. माझ्या लॅबमध्ये पण लोक "फुल बॉडी" मागायला येतात, सत्तर टेस्टचं पॅकेज, आणि त्यांचं बीपी शेवटचं कधी बघितलं विचारलं तर आठवत नाही. मी पॅकेज विकतो, नाही म्हणत नाही, घर चालवायचंय. पण मनात म्हणतो, भाऊ, याच्यापेक्षा बीपीची गोळी रोज घे.

जाता जाता एक उपयोगाचं सांगतो. जुना ईसीजी जपून ठेवा, नवीन दुखण्याच्या वेळी डॉक्टर तो शेजारी ठेवून बघतात. पण तो कागद उष्णतेवर छापतो, आपल्या मे महिन्याच्या ४५ डिग्रीत पत्र्याच्या पेटीत ठेवला तर अक्षरं उडतात, आणि एक काका फार काळजीने लॅमिनेशन करून आले होते, अख्खा कागद काळा पडला, कोळशाची वडी. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, झेरॉक्स काढा.

तर निवेदनावर सही मी अजूनही केलेली नाही. त्याऐवजी रुग्ण कल्याण समितीतल्या एका ओळखीच्या नानांकडे एक कागद देऊन आलो, त्यात एकच मागणी, कॅज्युअल्टीच्या भिंतीवर एक फळा लावा. छातीत दुखत आलेल्या प्रत्येक माणसासाठी चार वेळा लिहायच्या, नाव नको, फक्त वेळा. दुखायला कधी लागलं, दारात कधी आला, ईसीजी कधी निघाला, इंजेक्शन कधी दिलं किंवा गाडी कधी सुटली. महिन्याने तो फळा वाचला की तालुक्याला काय पाहिजे ते आपोआप कळेल, कोणाला भाषण करावं लागणार नाही. नाना म्हणाले, अरे पण हा फळा फोटोत काही चांगला नाही दिसणार. खोटं नव्हते बोलत ते. चावीचं मात्र झालं, ईसीजी मशीन आता कॅज्युअल्टीत आली आहे, रोल मी अधूनमधून बघून येतो.

माझ्या फॉर्मवर मी नवा रकाना छापून घेतला आहे, सगळ्यात वर, नावाच्याही आधी. अडचण एवढीच की घड्याळ बघून कोणालाच दुखत नाही. विचारलं की उत्तर येतं, "जेवण झाल्यावर." जेवण कधी झालं? "सिरीयल चालू होती." मग मी विचारतो कोणती, आणि वेळ लिहून घेतो.